पायरीवर बसलेला माणूस

माझे पती गेले तेव्हा आमची मुलगी दोन वर्षांची होती. तिच्या वाट्याला वडील आले ते इतरांनी सांगितलेले. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावात मराठी घरे मोजकीच होती. शनिवारी कुणाच्या तरी तळघरात जेवण असे, आणि जेवणानंतर ह्यांचे विद्यापीठातले एक मित्र ह्यांच्या फोडणीची गोष्ट काढतच.

"वहिनी, सांगू ना?" असे विचारून ते उत्तराची वाट न पाहता सुरू करत. "ह्याने पोह्यांना अशी खमंग फोडणी घातली की स्मोक अलार्म बोंबलला! अख्खी बिल्डिंग रस्त्यावर. फायर ब्रिगेडचे आडमाप गडी कुऱ्हाडी घेऊन आत. आणि हा पठ्ठ्या म्हणतो काय, सर, प्लीज, पोहे खाऊन जा!"

सगळे हसत. मुलगी सर्वांत मोठ्याने हसे.

गोष्ट खोटी नव्हती, अपुरी होती. बंब गेल्यावर हे बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. हातातली पोह्यांची बशी तशीच होती. "आपण परत जाऊ या," ते म्हणाले, "मला इथं सारखी भीती वाटते."

जाणे झाले नाही. पुढे तेच गेले, आणि मी नोकरी व मुलीची शाळा ह्यांत अडकून इथेच राहिले. तो भ्यालेला माणूस माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हता. मी गप्प राहिले तर तो माझ्याबरोबरच संपणार होता. बोलले, तर मुलीचा हसरा बाप हिरावला जाणार होता. चारचौघांत बोलण्याचे धैर्य तसेही माझ्यापाशी नव्हते.

एकदा जेवणाहून परतताना गाडीत मागच्या सीटवरून तिने विचारले, "आई, फायरमेन गेल्यावर... देन व्हॉट डिड बाबा डू?"

हे मला कधी कुणी विचारले नव्हते.

"पायरीवर बसले," मी म्हटले. "घाबरले होते गं. घरी जाऊ या म्हणत होते."

"बट ही वॉज होम," ती म्हणाली.

मी गाडी आमच्या रस्त्याला वळवली.

पुढच्या शनिवारी गोष्ट संपताच ती उठून उभी राहिली. "अँड देन ही सॅट ऑन द स्टेप! ही वॉज सो स्केअर्ड!"

पुन्हा हशा उसळला. "घाबरणार नाही तर काय!" मित्र म्हणाले. "उरलेले सगळे पोहे त्यालाच संपवायचे होते! काय वहिनी?"

मुलगी हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. सगळेच पाहत होते.

मी हसले.