शेवटच्या कडव्यातलं नाव

आधीच सांगून टाकते, या लिखाणात कुणाचंही नाव येणार नाही. त्याचं नाव लिहिलं तर लोक त्या नावासाठीच वाचतील, आणि त्याची एवढीशी जाहिरातही माझ्या हातून व्हायला नको. त्याचं नाही तर मग कुणाचंच नाही.

तो माझा आतेभाऊ. रॅप करायचा, मग टीव्हीवर आला, मग सिनेमाचा हिरो झाला. आज जालना रोडवर त्याचं दोन मजली पोस्टर आहे आणि मला रोज कामावर जाताना त्याच्या बुटांखालून जावं लागतं. मुलाखतीत तो सांगतो की तो रस्त्यावर शिकला. कुठला रस्ता, ते एकदा त्यानं मला दाखवावंच. तो आमच्या मुकुंदवाडीच्या घरात, पुढच्या खोलीत, माझ्या वडिलांसमोर मांडी घालून शिकला. तीन वर्षं, आणि तीही माझ्या हातचं खाऊन.

वडील चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. एप्रिलात जयंतीचे दिवस आले की त्यांची गायन पार्टी गावोगाव फिरायची, फुलंब्रीच्या आसपासच्या वस्त्यांत तर त्यांच्याशिवाय स्टेज बांधायचेच नाहीत. निम्मी गाणी त्यांची स्वतःची. मशीनच्या ठोक्यावर ते दिवसभर मनात ओळी जुळवायचे आणि घरी आल्या आल्या, हातातला डबाही न ठेवता, मला म्हणून दाखवायचे. पार्टीत मागे कोरसला मीच असायचे.

ही गाणी कुठल्या पुस्तकात छापलेली नसत. म्हणून गाणं रचणाऱ्याचं नाव गाण्यातच ओवायचं, शेवटच्या कडव्यात. त्याला आमच्याकडे छाप म्हणतात. वडील आधी आपल्या वस्तादांचं गाव घ्यायचे, मग वस्तादांचं नाव, आणि सगळ्यात शेवटी आपलं. दुसऱ्या पार्टीनं गाणं उचललं तर वाईट वाटायचं नाही, उलट वडील चार लोकांना सांगत सुटायचे. पण छाप जशीच्या तशी म्हणायची. ती गाळणाऱ्याला पुन्हा कुणी स्टेजवर चढू देत नसे. इतका साधा कायदा. अंगठेबहाद्दर ढोलकीवालेही तो पाळायचे.

आतेभाऊ बिडकीनहून कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्या कानात कायम वायरी. कपाटाला गादी उभी टेकवून तो तिच्याआड मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचा. पहिल्यांदा ऐकल्यावर वडिलांनी विचारलं, "हे गाणं हाय का भांडण?"

"दोन्ही हाय, मामा," तो म्हणाला. वडील लई खूश झाले. त्या दिवसापासून दोघांचं जमलं ते जमलंच.

वडिलांनी त्याला काय दिलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. श्वास कुठं घ्यायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. "वळीच्या आधी घ्यायचा," वडील म्हणायचे. "वळीमंदी घेतला की शब्द गिळल्यावानी वाटतो. मागं झाडाखाली बसलेल्या म्हातारीलाबी कळाया पायजे तू काय म्हंतोस ते." मांडीवर थाप देत ते त्याला एकेक ओळ वीस वीस वेळा म्हणायला लावायचे. त्यानं स्वतःचं पहिलं रॅप लिहिलं आणि लाडात येऊन शेवटी मामाचं नाव घातलं, तेव्हा वडिलांनी त्याला चांगलंच झापलं. "शब्द तुझे हायत ना? मंग नाव तुझं घाल. माझं कशापायी?"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे तो ते फिरवून आमच्यावरच उलटवणार होता.

मग वडिलांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती कुजबुज, तीही कान जवळ नेला तर. चाळीस वर्षं गाणारा माणूस खुणा करून पाणी मागायला लागला. तेव्हा या पोरानं वडिलांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं घेतलं, त्याखाली आपला बीट टाकला, मधे आपलं रॅप घातलं आणि व्हिडिओ केला. ते गाणं असं सुरू होतं:

मायनं डोईवर विटा वाहिल्या, शाळा बांधली गावाला,
त्याच शाळेत पाटी देऊन मायनं धाडलं लेकाला.

त्या पहिल्या व्हिडिओत त्यानं छाप पूर्ण म्हटली होती. गाव, वस्ताद, वडील, सगळं. वडिलांनी तो व्हिडिओ दिवसभर कानाला लावून ऐकला. संध्याकाळी त्याच्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "आता माझा गळा ह्यो." मी ते त्याला मोठ्यानं सांगितलं आणि तो रडला. खोटं रडला नाही, हे मी आजही मान्य करते. म्हणून तर जास्त संताप येतो.

व्हिडिओ हा हा म्हणता पसरला. टीव्हीवरच्या एका गाण्याच्या स्पर्धेत त्याची निवड झाली आणि त्याच्या 'संघर्षाची कहाणी' शूट करायला चॅनलची माणसं आमच्या दारात आली. वडील सकाळपासून तयार. इस्त्रीचा पांढरा सदरा, वर जयंतीचा कोट, नवा चष्मा. त्यांच्यातल्या एका बाईंनी घरभर नजर फिरवली. स्लॅबचं घर, खाली फरशी, ओट्यावर गॅस. त्यांचा चेहरा असा पडला जणू आम्ही त्यांना फसवलंय. मग त्यांनी शेजारच्यांची पत्र्याची शेड शोधली, जिथे ते जुनी सायकल आणि सरपण ठेवतात, आणि आम्हाला तिथे नेऊन बसवलं. वडिलांना म्हणाल्या, "अंकल, जरा साधं काही आहे का? आणि चष्मा नको."

चाळीस वर्षं मशीनवर राबून माझ्या बापानं ते घर बांधलं. ते घर कुणाच्या गोष्टीत बसेना, म्हणून ते लपवायचं! मी बोलायला तोंड उघडलं, पण आतेभाऊ कानात म्हणाला, "ताई, जाऊ दे ना, असंच असतंय टीव्हीत." आणि वडील मुकाट्यानं आत जाऊन घरातला जुना बनियन घालून आले. त्यांना वाटलं, पोराचं भलं होतंय तर होऊ दे.

तो भाग लागला त्या दिवशी अर्धी गल्ली आमच्या घरात होती. पार्टीतले जुने ढोलकीवाले काका मुद्दाम फुलंब्रीहून आले होते. पडद्यावर पत्र्याच्या शेडमध्ये बनियनवर बसलेले वडील दिसले, आणि त्यांचा चेहरा दाखवत निवेदकाचा भारदस्त आवाज म्हणाला की या मुलाच्या गाण्याची घरात कुणालाच किंमत नव्हती. वडिलांना उलट बोलायला आवाज नव्हता. पडद्यावरही नाही आणि घरातही नाही.

मग तो स्टेजवर आला आणि त्यानं ते गाणं म्हटलं. काय म्हटलं! ते मी नाकारणार नाही. श्वास जागच्या जागी, शब्द न् शब्द स्वच्छ. वडील मांडीवर ठेका धरून होते. शेवटचं कडवं आलं, आणि गाव नाही, वस्ताद नाही, वडील नाहीत. तिथे त्यानं आपलं नाव बसवलं होतं, तेही ते रॅपवालं, इंग्रजी वळणाचं. प्रेक्षक उभे राहिले. आमच्या घरात वडिलांचा हात मांडीवर तसाच थांबला. ढोलकीवाले काका उठले, चप्पल घातली आणि चहा न घेता निघून गेले. त्यांना थांबा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मी लगेच फोन लावला. त्यानं तो तिसऱ्या दिवशी उचलला.

"ताई, चॅनलवाले म्हणले, एवढ्या सेकंदात तीन तीन नावं बसत नाहीत. पब्लिकला कळत नाही."

"मंग गाणं दुसरं घ्यायचं होतं."

"आन् मामाच म्हणले होते की, आपलं नाव घालावं म्हणून."

मी थक्कच झाले. स्वतःच्या शब्दांना स्वतःचं नाव लाव, हे त्या माणसानं किती प्रेमानं शिकवलं होतं, आणि यानं त्याचा परवाना करून टाकला. मी त्याला नाही नाही ते बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवसापासून ते गाणं घरात लागलं की मी टीव्ही बंद करायचे. कुणाच्या मोबाइलवर वाजलं तरी ओरडायचे, अगदी माझ्या लहान मुलीवरही. ते मला ऐकवतच नव्हतं.

स्पर्धेनंतर त्याला मालिकेत काम मिळालं, हिरोच्या तोंडाळ मित्राचं, आणि मित्रच हिरोपेक्षा भाव खाऊन गेला. दोन वर्षांत सिनेमा आला. त्यात तो गल्लीतला रॅपर, आणि गाणं अर्थातच तेच. मी जाणार नव्हते, पण वडिलांनी खूण केली की बघायचंय. सिनेमा संपून पडद्यावर नावं वर सरकायला लागली तसे लोक उठून गेले, झाडूवाली बाई आत येऊन उभी राहिली, तरी आम्ही बसून होतो. त्या गाण्याची ओळ आली. त्यापुढे लिहिलं होतं: पारंपरिक.

वडिलांनी ते वाचलं. मग माझी बाही ओढून कुजबुजले, "म्हंजी कुणाचं?"

"कुणाचंच नाय, आबा."

काय बोलावं या लोकांना? पारंपरिक कशाला म्हणतात? ज्याचा कर्ता कुणालाच माहीत नाही त्याला. हा कर्ता माझ्या शेजारी, सहाव्या रांगेत, तिकीट काढून बसला होता. मी निर्मात्याच्या ऑफिसला तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही. नातेवाईक म्हणाले, हिला पैसे पाहिजे असतील. आत्याच म्हणाली, "पोराचं चांगलं चाललंय ते बघवंना का तुला?" मला फक्त एक ओळ परत पाहिजे होती. आवाज गेलेल्या माणसाचं गाणं दुसऱ्याच्या तोंडातच राहणार. त्या तोंडातूनही त्याचं नाव गेलं, तर त्याचं उरणार काय?

यंदा त्याचा शहरात सत्कार होता. त्या दुपारी तो अचानक घरी आला, सोबत चार माणसं, त्यातला एक सतत मोबाइल धरून. "जयभीम, मामा," म्हणत तो वडिलांच्या पाया पडला. गल्ली दारात गोळा झाली. माझी नऊ वर्षांची मुलगी वडिलांच्या पलंगावर, त्यांना अगदी खेटून बसली होती. इतका मोठा माणूस आपल्या घरात आलाय, यानं तिचे डोळे चमकत होते.

मी पाण्याचा तांब्याही पुढे केला नाही. सरळ म्हटलं, "माझ्या बापाचं नाव परत घाल."

मला वाटलं होतं टाळेल. पण तो लगेच म्हणाला, "घालतो की, ताई. तुझं चुकत नाही. आत्ता इथंच म्हणतो, मामांच्या समोर, सगळ्यांना दिसू दे." त्यानं मोबाइलवाल्याला खूण केली. वडिलांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि ठेका दिला.

तो गायला लागला. विटा आल्या, शाळा आली, पाटी आली. तिसरं कडवं झालं. शेवटच्या कडव्याची पहिली ओळ झाली, आणि तो थांबला.

मला वाटलं गळा दाटून आला. तसं काही नव्हतं. तो आठवत होता. एकदा वर बघितलं, पुन्हा ओळ पहिल्यापासून घेतली, पुन्हा तिथेच अडखळला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, ते आधीचं कसं होतं गं?"

किती वेळा त्यानं त्या जागी आपलं नाव म्हटलं असेल! इतक्या वेळा, की खालचं नाव पुसून गेलं होतं. त्याच्या थोबाडीत मारावी असं मला वाटलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पलंगावरून माझी मुलगी गायला लागली. बिचाऱ्याला ओळ आठवत नाही, म्हणून ती मदत करत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीत तिनं ते गाणं रोज ऐकलं होतं. श्वास ओळीच्या आधी, शब्द स्वच्छ, ठेका आजोबांच्या हाताबरोबर. शेवटचं कडवं तिनं पूर्ण म्हटलं, आणि छापेच्या जागी त्याचं नाव घेतलं. ते रॅपवालं, इंग्रजी वळणाचं.

दारातले लोक टाळ्या वाजवायला लागले. मोबाइलवाला म्हणाला, "एकदम भारी." आतेभाऊ खाली मान घालून उभा होता. मुलगी माझ्याकडे बघत होती, शाबासकीसाठी.

वडिलांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"गळा चांगला हाय पोरीचा," ते म्हणाले. मग दम लागला म्हणून थांबले. "तिला आपलं कडवं तू म्हणून नाय दाखवलं का कधी?"

नव्हतं दाखवलं. एकदाही नाही.