तांबटकाकांची वीत

तांबटकाकांजवळ फूटपट्टी कधी नव्हती. मापाला त्यांची डावी वीत पुरे. अंगठा आणि करंगळी ताणून ते पत्र्यावर हात टेकवत, तेव्हा कोळी चालावा तसा तो हात भराभर पुढे सरके. आमच्या उत्तरेतल्या तीर्थक्षेत्री ब्रह्माघाटावरच्या मराठी घरांतले पाणी तापवायचे बहुतेक बंब त्याच हाताने घडवलेले. छावणीतल्या साहेबांच्या न्हाणीघरांतूनही त्यांना बोलावणं येई.

बंब कोणाचाही असो, पेटवण्याआधी ते वरच्या नळीत फुंकर मारून बघत. वाफेला आणि उतू जाणाऱ्या पाण्याला तेवढी एकच वाट. "नळीचं तोंड खाली, मोरीपासून वीतभर वर," ते सांगत. "मग ती कितीही ओकली तरी कोणी भाजत नाही. आणि बुजवायची तर कधीच नाही." मी कॉलेजात जाऊ लागल्यावर म्हणत, "काय प्रोफेसर, वाफेबद्दल तुमच्या किताबात काय लिहिलंय?" वडील अन्नछत्रात आचारी, माझ्याआधी घरात कोणी शिकलेलं नव्हतं. त्या थट्टेचाही मला अभिमान वाटे.

आमची न्हाणी अगदी अरुंद, म्हणून आमच्या बंबाची नळी तेवढी त्यांनी भिंतीतून गल्लीत काढली होती. एका सकाळी पंचगंगा घाटावरून सोवळ्यात परतणाऱ्या शास्त्रीबुवांच्या खांद्यावर तिचं पाणी पडलं. शास्त्रीबुवा आमचे घरमालक.

"एवढ्या पायऱ्या चढून आलो, आता पुन्हा स्नान? उद्या एक थेंब जरी पडला तर बिऱ्हाड उचला!"

काका येऊन भिंत बघून गेले. "उद्या नळी आत वळवतो. तोवर बंब पेटवू नका, वहिनी."

दुसऱ्या दिवशी पौषातली थंडी होती. आई नुकतीच तापातून उठलेली. तिने गार पाण्याने न्हावं हे मला बघवेना. मी बंब पेटवला आणि गल्लीत जाऊन नळीच्या तोंडात चिंधी गुंडाळलेली लाकडी खुंटी ठोकली. एका आंघोळीपुरतं काय होणार, असं वाटलं. वाफेचा धडा मला तोंडपाठ होता.

आई न्हाणीत असतानाच काका नवी नळी घेऊन गल्लीत आले. आतली घरघर ऐकून ते ओरडले, "वहिनी, बाहेर या, बंब फुटेल!" आईने "आले, आले" म्हटलं, पण ती लुगडं गुंडाळत होती. काका थांबले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने खुंटी उपटली.

मी धावत गेलो तेव्हा ते भाजलेला हात छातीशी धरून भिंतीला टेकून बसले होते.

"वहिनी बऱ्या आहेत ना?"

"हो."

"खुंटी कोणी मारली रे?"

शास्त्रीबुवाही दारात येऊन उभे होते.

"जाऊ दे," काका म्हणाले. "नळी गल्लीत मीच काढली होती. चूक माझीच."

ती मी त्यांची होऊ दिली.

जखम भरली, पण बोटं तळव्याकडे ओढली गेली ती कायमची. चार महिने बंब थंडच होता. मग एक दिवस ते आले. ते सांगत गेले आणि नळी मी वळवली. शेवटी सवयीने त्यांनी हात मोरीच्या दगडावर टेकवला. अंगठा थोडा हलला. करंगळी हललीच नाही.

"तुझी वीत लाव," ते म्हणाले.

मी लावली. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण ते म्हणाले, "बरोबर आहे, प्रोफेसर," आणि उठले.

पुढच्या उन्हाळ्यात काका वारले. नळी अजून तिथेच आहे, मोरीपासून माझी एक वीत वर.