दसऱ्याचं पहिलं बटण

"दादा, पंखा फिरतोय की. मग चित्र का येईना?" वैशालीनं विचारलं. मी तिसऱ्यांदा बटण दाबलं.

पंखे फिरले. कॅबिनेटमधले निळे-जांभळे दिवे लागले. स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. आमच्या धंद्यात याला 'नो डिस्प्ले' म्हणतात. म्हणजे अंग हलतंय, पण डोकं जागं झालेलं नाही.

दसऱ्याची दुपार, कळस गावातलं घर. टेबलावर मी जोडलेला नवाकोरा कॉम्प्युटर, त्याला झेंडूचा हार, पुढं फोडलेला नारळ आणि खोलीत भावकीतली पंधरा-वीस माणसं. बारामतीत माझं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. एवढ्या माणसांदेखत मशीन अडून बसायची ही पहिलीच वेळ.

वैशाली या घरची सून, सिव्हिलचा डिप्लोमा झालेली. पुण्यातलं एक ऑफिस तिला घरबसल्या बंगल्यांचे नकाशे करायचं काम देणार होतं. त्याआधी एक नमुना करून सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. त्याला दणकट मशीन लागतं. नवरा महादेव म्हणायचा, डाळिंबाच्या बागेत कामं काय कमी हायत? पण सासू सोनाबाई मावशी हटून बसल्या. "पोरगी शिकलीया. मशीन येऊ दे घरात, मी सांगते." त्यांच्या शब्दावर मशीन आलं होतं. आज शनिवार होता.

ऑर्डर देताना मावशींनी मला फोनवर बजावलं होतं, "आधी चालू करून बघू नगंस हां बाबा. पयलं बटण दसऱ्याला माझी सून दाबंल."

आमच्याकडं हे नेहमीचंच. दसऱ्याला ट्रॅक्टर, कोयते, पाण्याची मोटार सगळ्यांची पूजा, आता त्यात कॉम्प्युटर. लोकांना तो कोरा लागतो. मी सगळ्यांना "व्हय व्हय" म्हणतो आणि दुकानात गुपचूप चालवून बघतो. न चालवता मशीन देणं म्हणजे मीठ न बघता गावजेवण वाढणं. पण त्या सकाळी सात मशीनं निघायची होती. सहा चालवून बघितली. सातवं, म्हणजे हे, जोडून होतंय तोवर टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवायला लागला. म्हटलं जाऊ दे, मावशींचा शब्द तरी राहील. आळसाला मी असा भक्तीचा टिळा लावला.

आता भोगा. मॉनिटरची केबल काढून घातली. रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून पुसून पुन्हा बसवली. नो डिस्प्ले. मागून कुणीतरी म्हणालं, "कंपनीचाच घ्यायला पायजे हुता." माझं डोकं सणकलं.

तेवढ्यात कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर नजर गेली. जाळीला हळदीकुंकवाची पाच बोटं आणि खाली नारळाच्या पाण्याचे दोन थेंब.

"हे कुणी केलं?" मी जोरात विचारलं.

"मी," मावशी म्हणाल्या. "पूजा केली की."

"अहो मावशी, हे काय ट्रॅक्टरचं बोनेट हाय का? आत सर्किट असतंय! पाणी गेलं, शॉर्ट झालं. आता काय डोंबल चालणार?"

महादेवला आयतंच सापडलं. "आई, तुला कुणी सांगितलं हुतं नसते उद्योग करायला? तूच आणायला लावलं, तूच घालवलं."

मावशी पुढं आल्या आणि पदराच्या टोकानं जाळीवरचं कुंकू पुसायला लागल्या. ते निघेना, नुसतं पसरत गेलं. मी खाली बघून स्क्रू आवळत बसलो. मशीन टेम्पोत टाकलं आणि बारामतीला घेऊन आलो.

रविवारी सकाळी दुकानात ते उघडलं. आधी नारळाचं पाणी शोधलं. आत टिपूसही नव्हता. जाळीच्या आत धुळीसाठी अजून एक फिल्टर असतो, तोसुद्धा कोरडा ठणठणीत. मग मागचं झाकण काढलं.

पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला दोन केबली जातात. एक मोठी, सगळ्या बोर्डासाठी. दुसरी छोटी, आठ पिनांची, फक्त प्रोसेसरसाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूसाठी. ही दुसरी नसली तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि स्क्रीन काळी राहते. ती केबल मागच्या बाजूला छान गुंडाळून, क्लिप लावून ठेवली होती. मीच ठेवली होती. पुढं ओढून जोडायची राहिली होती. जोडायची जागा वरच्या कोपऱ्यात, मोठ्या पंख्याच्या आड. कळसला मी तिथं बघितलंच नाही, कारण ते माझ्या हातचं काम होतं. माझ्या हातचं कसं चुकेल?

खट्ट करून केबल बसवली. बटण दाबलं. मशीन लगेच सुरू झालं.

पहिल्यांदा मी काय केलं असेल? दुकानात कुणी बघितलं तर नाही ना, ते बघितलं. सांगायलाही लाज वाटते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगण सारवणारीलाच बोल लावला होता. तेवढ्यात वैशालीचा फोन आला.

"दादा, काय झालं? आत्या काल जेवल्या न्हाईत वं."

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. तेव्हाच सांगायचं होतं. पण माझं तोंड म्हणालं, "पाणी गेलं होतं थोडं. वाळवलंय. आणतो."

दुपारी मोटारसायकलवर मशीन बांधून कळस गाठलं. जोडलं. वैशालीनं बटण दाबलं, चित्र आलं, आणि तिनं हाक मारली, "आत्या, चाललं बघा! या की आत!"

मावशी उंबऱ्याबाहेरच थांबल्या, हातात चहाचा कप धरून. "नगं बाई. माझ्या हाताचा काय भरवसा? तू कर तुझं काम." मग मला म्हणाल्या, "बाबा, माझ्यापायी तुला हेलपाटा पडला. डाळिंबं ठिवल्यात तुझ्या गाडीला, पोरांना ने."

बाहेर बघितलं. हँडलला गच्च भरलेली पिशवी अडकवली होती.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. महादेव दारातच होता. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मावशी, पाणी-बिणी काही गेलं नव्हतं. एक केबल मी लावायचीच विसरलो होतो. चूक माझी. काल उगाच तुमच्यावर ढकललं, आणि सकाळी वैशालीलाही खोटंच सांगितलं."

महादेव आईकडं बघेना. वैशाली खुर्चीतून उठली. मावशींनी हातातला कप खाली ठेवला.

"पंधरा माणसांत बोललास तू," त्या म्हणाल्या. "कालपासनं मी देवाला हात लावला न्हाय. म्हटलं, माझंच कायतरी अशुभ झालं."

"चुकलो," म्हटलं. शब्द फार तोकडा पडला.

त्या आत गेल्या, कुंकवाची कोयरी घेऊन आल्या, उंबरा ओलांडून सरळ मशीनपाशी गेल्या आणि पुन्हा पाच बोटं लावली. मग अंगणात जाऊन माझ्या हँडलची पिशवी काढून घेतली.

"ही हेलपाट्याची व्हती," म्हणाल्या. "हेलपाटा तुझा तूच घातलास."

वैशालीचा नमुना सोमवारी चार वाजता गेला आणि काम मिळालं. मी त्या पंधरा-वीस जणांपैकी दिसेल त्याला गाठून खरं सांगत सुटलो. बारा जण भेटले. दोघं हसले, बाकीच्यांना त्या दिवशीचं आठवतही नव्हतं. मावशींना मात्र आठवतं.

आता गिऱ्हाइकाला मी तोंडावर सांगतो, पहिलं बटण माझं, मुहूर्ताचं दुसरं. पटत नसेल तर दुसरं दुकान बघा. आणि मशीन अडलं की आधी आपला हात जिथं लागलाय ती जागा बघायची, दुसऱ्याची बोटं मग.

कळसला अजून सर्व्हिसिंगला जातो. मावशी चहा देतात, बसायला सांगतात. डाळिंबं अजून दिलेली नाहीत.