रंगनाथरावांचा उपास

रंगनाथरावांना पंगतीला बसलेलं पालम गावात कुणी पाहिलं नव्हतं. कधी एकादशी, कधी पोट बिघडलेलं, कधी लांबच्या कुणाचं सुतक. लग्नघरी आले की दाराशी उभं राहून विडे देण्याचं काम ते आपणहून घेत आणि पंगत बसायच्या आत निघून जात. गाव त्यांना 'अकडू मास्तर' म्हणे. मीही म्हणत असे, अर्थात पाठीमागे.

निजामाच्या शाळेत आम्ही दोघं मुदर्रिस, म्हणजे मास्तर. ते हिसाब शिकवत, मी मराठी. शाळा सुटली की ते खुर्चीत बसूनच धोतर वर सारत आणि पाय चोळत राहत. पिंडऱ्या अशा भरलेल्या की तालमीतल्या गड्यानं हेवा करावा. दुखण्याला ते पाव्हणे म्हणत. "आज पाव्हणे सकाळपासून आलेत, मास्तर. कंबरंत एक, मांडीत दोन. जायचं नावच घीनात."

मी म्हणायचो, "अशा पिंडऱ्या आमाला असत्या तर आमी फडात उतरलो असतो."

तेही हसत. एकदाच हसले नाहीत. म्हणाले, "ही सूज हाय का ताकद, माझं मलाच कळंना. कूस बदलायची तरी वत्सलाला हाक मारावी लागायलीय. कुणाला बोलू नका बरं." वत्सला त्यांची धाकटी बहीण. आईवडील गेलेले, घरात ही दोघंच. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, गडी जरा जास्तच लाड करून घेतोय.

पुढे वत्सला माझ्या धाकट्या भावाला सांगून आली. खरं तर मीच सुचवलं होतं. पोरगी हुशार, कामाला चलाख. पत्रिका जुळली, माझ्या वडिलांनाही पसंत पडली, आणि सुपारी फोडायला रंगनाथराव आमच्या घरी आले. आधी जेवणं, मग सुपारी, असं ठरलं. पाट मांडले तसे ते म्हणाले, "मला आज उपास हाय."

होणाऱ्या व्याह्यानं सुपारीच्या दिवशी उपाशी राहायचं म्हणजे आमची काय शोभा? "उपास सोडायलाच बोलावलंय तुमाला," म्हणत मी दोन्ही खांदे दाबून त्यांना पाटावर बसवलं. ते एकदम खालीच आले. आग्रह करण्याची मला त्या वयात मोठी हौस होती.

जेवणं झाली, सगळे हात धुवायला उठले. ते बसूनच. मग एका कुशीवर वळले, दोन्ही तळवे जमिनीला टेकले, कंबर वर काढली. एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असे ते स्वतःच्याच अंगावरून वर चढू लागले. तोंड पांढरं पडलं होतं. आमच्यातले दोघंतिघं हसले. वडील हसले नाहीत.

"काय झालं पायाला?"

"काल ओट्यावरून घसरलो," रंगनाथराव म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

वडिलांनीही माझ्याकडेच पाहिलं. "तू रोज संगं असतोस. खरं काय हाय?"

"काल न्हाई," मी म्हणालो. "दोन वर्षं झाली, रोजच दुखायलंय त्यांना."

खरं बोलल्याची तेव्हा मला थोडी ऐटच वाटली. लाज नंतर वाटली, ती अजून वाटते. वडिलांनी घराण्याची चौकशी केली. रंगनाथरावांनी मग काहीच झाकलं नाही. मामाला हेच होतं, तो शेवटी अंथरुणाला खिळला, सगळं सांगितलं. सुपारी तबकात तशीच राहिली. बातमी गावभर व्हायला संध्याकाळसुद्धा लागली नाही, आणि त्यानंतर वत्सलाला एकही स्थळ आलं नाही. भावाचं लग्न मात्र आम्ही दुसरीकडे थाटात उरकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी म्हणालो, "विचारलं म्हणून बोललो हो."

"खरंच बोल्लात, मास्तर," ते म्हणाले. "ज्याला दुखत न्हाई, त्याचं खरं बोलाया काय जातंय?" आणि टेबलाला रेटा देऊन उठले, वर्गावर गेले. पाव्हण्यांचा विषय त्यांनी माझ्याजवळ पुन्हा काढला नाही.

सहा महिन्यांनी त्यांनी जिंतूरला तबादला मागून घेतला. गंगाखेडच्या स्टेशनापर्यंत बैलगाडी केली होती. वत्सला आधीच गाडीत बसलेली. रंगनाथरावांनी चाकाला हात घातला, पण पाय उचलेना. मी काखेत धरून त्यांना वर चढवलं. कळ दाबताना त्यांचे दात करकरलेले मला ऐकू आले.

गाडीवान म्हणाला, "येवढं दांडगं गडी तुमी मास्तर, पायाला काय झालं?"

ते बोलायच्या आत मीच बोललो, "काल घसरून पडले. ओट्यावरून. माझ्यासमोरच पडले."

"आस्सं व्हय," म्हणून गाडीवानानं बैल हाकले. सुपारीच्या दिवशीही एवढंच बोलायचं होतं. रंगनाथराव माझ्याकडे बघत राहिले. वत्सलानं एकदाही पाहिलं नाही.