चिवट असतो हा दगड

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे.

आधी दगडाबद्दल — तेवढं तरी मला न अडखळता सांगता येतं. रोडोनाइट हे मँगनीजचं सिलिकेट. मँगनीजच्या जागी थोडं कॅल्शियम, थोडं लोह. गुलाबी रंग मँगनीजचा. बहुधा तो दाणेदार आणि काळ्या रेघांचा सापडतो. तसा तो चिवट असतो. त्याच्या मूर्तीही कोरतात. पण क्वचित स्वच्छ, आरपार दिसणारा स्फटिक मिळतो. तो मात्र दोन दिशांनी सहज चिरतो — जवळजवळ काटकोनात. हा फरक लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

नव्वदच्या दशकात सुरतेत रंगीत खड्यांच्या एका कारखान्यात मी पैलू पाडायचो. जळगावला भूगर्भशास्त्र शिकता शिकता बी.एस्सी. अर्धवट सोडून आलो होतो. ताईचे यजमान — दाजी — तिथे पॉलिशला होते. त्यांनीच मला चिकटवलं. राहायचोही त्यांच्याच कोसाडच्या खोलीत. शेठने तसला स्वच्छ स्फटिक आणला तेव्हा दाजी हसून म्हणाले, “काय पंडित, या दगडनी कुंडली काय सांगस?” मी सांगितली, रासायनिक सूत्रासकट. चिरण्याचं सांगितलं का? — नाही.

पैलू पाडताना खडा लाखेने काडीवर चिकटवतात. एक बाजू झाली की सोडवून उलटा लावायचा. काडीला एक ठोका द्यायचा, ही आमच्याकडची रीत. अकीकासारखे खडे त्याने सुटायचे. हा खडा लाख हळूहळू ऊन करून सोडवायला हवा होता. मला ते माहीत होतं. तरी ठोका दिला. घाई? सवय? काय म्हणू? खडा सुटला, वरून अखंड. तिरका धरला तेव्हा आत चांदीसारखा पापुद्रा चमकला — चीर.

मी तो दुसऱ्या काडीवर लावला, आणि वेळ आली तेव्हा पॉलिशसाठी दाजींपुढे ठेवला. काही न बोलता.

चाकावर त्याचे दोन तुकडे झाले.

शेठ दाजींवर ओरडला नाही. तो माझ्याकडे वळला. “बोल, सायन्सवाळा — पथ्थरमां ज खामी हती?” दोष दगडातच होता का, एवढंच विचारत होता. हा स्फटिक चिरतो, असं म्हणालो असतो तर दाजी सुटले असते. आणि ते खरंही होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता — ठोका कुणी दिला?

“चिवट असतो हा दगड, शेठ.”

वाक्य खरं होतं — दुसऱ्या रोडोनाइटबद्दल.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही — संशय असता तर बरं झालं असतं. मी शिकलेला, म्हणून त्यांनी मान्य केलं आणि दोष स्वतःच्याच हाताला दिला. “मग मनाच हात जड पडना व्हई.”

जड हाताचा माणूस कोण ठेवणार? दुसऱ्या कारखान्यांनीही ठेवलं नाही. खोली सोडून दाजी आणि ताई चलथाणकडे ऊसतोडीला गेले. पॉलिशची जागा मला मिळाली.

नंतर मी वर्तमानपत्रात गेलो. बातमी चुकली तर दुरुस्ती छापायची असते, हे तिथे शिकलो. कितीतरी दुरुस्त्या लिहिल्या — इतरांच्या चुकांच्या.

माझ्या मुलीच्या बारशाला ताईने बाळ दाजींपुढे धरलं. त्यांनी हात पाठीमागे नेले. “नको. मना हात जड शे.”

सगळे हसले. मीही हसलो. मग हात पुढे करून बाळ मीच घेतलं.