खापरे सरांचा करार कायदा

मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे आम्ही जुने बी.कॉम.वाले लग्नात भेटलो की जेवण राहतं बाजूला आणि खापरे सर निघतात. दरवेळी कुणीतरी नवाच किस्सा काढतो. माणूस एक, पण मूर्खपणा भरपूर!

कोर्टात त्यांना अशील मिळेनात, म्हणून कॉलेजने आम्हाला त्यांच्या ताब्यात दिलं. विषय व्यापारी कायदा, शिकवणं म्हणजे नोट्स सांगणं. एकदा कराराची व्याख्या सांगताना मधेच "खिडकी लाव" म्हणाले. एकाने तेही लिहून घेतलं. पुढच्या वर्षी सरांच्या नोट्स हरवल्या, त्यांनी त्याचीच वही मागून घेतली आणि नव्या वर्गाला व्याख्या सांगितली. खिडकीसकट!

*

"माल पारखून घेणं ही खरेदीदाराची जबाबदारी," हे शिकवून सर लांजीच्या बाजारात गेले आणि मध म्हणून गुळाचा पाक घेऊन आले.

"सर, चाखून नाही पाह्यलं काय?"

"चाखायचं कोणत्या कलमात आहे?"

*

लांजीच्याच बसमध्ये त्यांना जागा मिळाली नाही. तिकीट हा करार कसा, हे त्यांनी कंडक्टरला किरनापूरपर्यंत समजावलं. तिथे त्याने घंटी मारली. "साब, बाकी कानून नीचे उतर के पढ़ाओ!"

*

हसू येतं, पण मला त्यांची चीड आहे ती तुळारामपायी. तो किरनापूरचा. सरांच्या पेपरात दोनदा नापास. त्या वर्षी टेस्टमध्ये पडला की फायनलला बसता येणार नव्हतं, आणि बाप कॉलेजातून नाव काढून त्याला धानाच्या शेतावर नेणार होता.

सर म्हणाले, "मौन म्हणजे स्वीकृती नव्हे. समजलं?" वर्ग गप्प. "चला, समजलं. पुढे!"

तुळाराम उठला. "सर, मौन म्हंजे होकार नाही, आत्ताच तं सांगतलं तुमी!"

सरांनी त्याला बाहेर काढलं.

*

सरांना नोकरीत कायम व्हायचं होतं. टेस्टच्या आधी त्यांनी दार लावून वर्गात कागद फिरवला: 'सर उत्तम शिकवतात.'

"स्वखुशीने सही करा. नाहीतर टेस्टमध्ये बघतो एकेकाला!"

सगळ्यांनी केली. तुळारामनेही.

टेस्टमध्ये प्रश्न आला: दबावाखाली दिलेली संमती, उदाहरणासह. सर पेपर वाचत नसत, पानं मोजत. तुळारामची पानं सगळ्यात जास्त भरली, म्हणून तो पहिला! पेपर वाटायच्या दिवशी सरांचं शिकवणं बघायला प्राचार्य येऊन बसले होते. सरांनी ऐटीत तोच पेपर नमुना म्हणून मोठ्याने वाचायला घेतला. उत्तर हिंदीत होतं, मी मराठीत सांगतो.

"एका कॉलेजात एक मास्तर होते. त्यांना नोकरीत कायम व्हायचं होतं. म्हणून त्यांनी दार लावलं आणि..."

सर थांबले.

"पुढे वाचा," प्राचार्य म्हणाले.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

तुळाराम उभा राहिला. "सर, दिसून नाही राह्यलं तं मी वाचू काय?"