सासूबाईंचं कुत्रं

सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेत आल्या तेव्हा मला वाटलं होतं, तक्रारी थंडीच्या असतील, नाहीतर दुधाच्या. पहिली तक्रार आली ती कुत्र्यांची.

"इथं रस्त्यावर एकसुद्धा कुत्रं नाही गं. कसं करमतं तुम्हाला?"

कुत्री होती. क्युपर्टिनोत आमच्या गल्लीत जवळजवळ घरटी एक होतं. पण ती पट्ट्याला बांधलेली, मालकाच्या पायाशी चालणारी. सासूबाईंनी "यू यू" केलं की कुत्र्याऐवजी मालकच वळून बघायचा. शिवाय कुत्र्यांचं खाणं दुकानातून पिशव्या भरभरून येत असे. शिळ्या पोळीला तिथे कोणी विचारत नव्हतं.

शिळ्या पोळीचा प्रश्न त्यांना खरोखर पडला होता. आमच्या सिंकखाली उरलंसुरलं दळणारं यंत्र होतं. पहिल्याच दिवशी जेवणं झाल्यावर मी त्यात पोळी आणि आमटीचा तळ ढकलला आणि बटण दाबलं. त्या घरघराटानं सासूबाई खुर्चीतून उठल्या.

"अन्न दळून मोरीत सोडतेस?"

"आई, इथे असंच करतात."

"करू देत," त्या म्हणाल्या. साताऱ्याला त्यांच्या घरी जेवणं आटोपली की दाराशी एक कुत्रं येऊन बसायचं. उरलेली पोळी त्याची. ते मेलं की दुसरं यायचं. यंत्राला पोळी घालणं त्यांच्या डोक्यात बसणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या पोळ्या त्या स्वतः बाजूला ठेवू लागल्या. मला वाटलं, चिमण्यांना घालत असतील. बरं झालं, वेळ जातो त्यांचा.

आमचं घर गल्लीच्या टोकाला होतं. मागे लाकडी कुंपण, कुंपणापलीकडे सुकलेल्या गवताची टेकडी. पूर्वी तिथे फळबागा होत्या, त्यातली प्लमची दोन झाडं आमच्या अंगणात उरली होती. नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मुलगी अकरा वर्षांची होती आणि तिचा एक पिवळा बोका होता. बोक्यासाठी तिनं वर्षभर आमचं डोकं खाल्लं होतं. शेवटी मी अट घातली की त्याचं खाणंपिणं, घाण, डॉक्टर सगळं तिनं बघायचं. ती ते चोख बघायची. माझ्या घरात शब्द पाळणारं एवढं एकच माणूस होतं, त्यामुळे बोक्याला मीही मान देत असे.

त्या उन्हाळ्यात दिव्याच्या खांबांवर कागद चिकटू लागले. हरवलेल्या मांजरांचे फोटो, खाली फोन नंबर. आधी एक, मग सिग्नलपर्यंत ओळीनं. शेजारची निवृत्त शिक्षिका कुंपणावरून मला म्हणाली की ही मांजरं हरवलेली नाहीत, खाल्ली गेली आहेत. टेकडीवर नवी घरं होताहेत आणि तिथले जंगली कायोटी खाली उतरताहेत. मी मुलीला सांगून टाकलं, "अंधार पडायच्या आत बोका घरात. उशीर नाही, सबबी नाहीत." एवढं पुरे होईल असं मला वाटलं.

एका शनिवारी सकाळी मी चहा टाकत होते. अंगणाच्या काचेच्या दारातून सासूबाई दिसल्या. नऊवारी, वर माझ्या नवऱ्याचा स्वेटर, पायात माझे कॅनव्हासचे बूट. हातात पोळी. मऊ आवाजात "यू यू यू" चाललं होतं. आणि त्यांच्यापासून चार हातांवर, प्लमच्या झाडाखाली, एक प्राणी बसला होता. करडा, हडकुळा, लांब नाकाचा, कान उभे. साताऱ्यातल्या कुठल्याही गल्लीत कोणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नसतं. सासूबाईंची चूक मला त्याच क्षणी कळली. आपल्याकडून आलेल्या कुठल्याही बाईची झाली असती. अमेरिकन माणूस त्याला कुत्रं समजणार नाही, कारण असलं कुत्रं त्यानं कधी बघितलेलंच नसतं.

पोळी त्याच्या पुढ्यात पडली होती. तो पोळीकडे बघत नव्हता. अंगणातल्या खुर्चीखाली बोका पाठ कमानीसारखी करून उभा होता, आणि तो बोक्याकडे बघत होता.

मी दार सरकवलं, बोक्याला मानगुटीला धरून उचललं आणि घरात फेकलं. त्यानं माझा हात ओरबाडून काढला. मग मी चहाचं रिकामं पातेलं कठड्यावर आपटलं. तो प्राणी उठला, पोळी तोंडात धरली आणि पायरी चढावी तसा कुंपण चढून गेला. घाई नाही, गडबड नाही.

"घाबरवलंस त्याला," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता कुठं हाताशी यायला लागलं होतं."

मुलगी धावत आली. "आजी! दॅट्स अ कायोटी!"

"काय ओटी? कुणाची ओटी?"

"कायोटी, आजी! इट ईट्स कॅट्स!"

"ओटीबिटी काही नाही. कुत्रं आहे गरीब. रोज येतं."

"रोज?" मी विचारलं.

"मग? पोळी कुठं जाते वाटलं तुला?"

मी त्यांना बसवून सांगितलं. कायोटी म्हणजे कुत्रं नाही, कोल्ह्यापेक्षा मोठा, लांडग्याचा धाकटा भाऊ म्हणा हवं तर. त्या हसल्या.

"लांडगा तूप लावलेली पोळी खातो?"

"तूपही लावता?"

"कोरडी कशी घालायची?"

नवऱ्यानं इंजिनिअरला शोभेल असा उपाय काढला. कुंपण किती उंच हवं, वर तार कुठल्या कोनात वाकवायची, याची त्यानं कागदावर आकृती काढली. मी म्हटलं, "अहो, आत पोळी मिळतेय तोवर तो तुमच्या आकृतीवरून उडी मारेल." काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसात मी फोन केला. तिथल्या बाईनं सरळ सांगितलं, आम्ही पकडून दुसरीकडे सोडत नाही. खाणं बंद करा, दिसला की हाकला. माणसाला भ्यायचा तो थांबला तर एक दिवस लहान मुलाला चावेल आणि मग त्याला गोळी घालावी लागेल.

मला कामाची माहिती मिळाली होती, मी कामाला लागले. बोक्याची वाटी अंगणातून आत आली. त्याच्या घाणीसाठी वाळूचा ट्रे आला. पडलेले प्लम रोज संध्याकाळी उचलायचे, ते काम नवऱ्याचं. कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाला दोरी. बोका दिवसासुद्धा घरात. तो दारापाशी बसून असा रडायचा की मुलीच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"मॉम, ही हेट्स मी."

"करू दे. जिवंत राहून कर म्हणावं."

सासूबाईंनी पोळी बंद केली. खुशीनं नव्हे. "तुमचं घर, तुमचे कायदे," म्हणाल्या. पण कायोटी यायचा थांबला नाही. रोज सकाळी कुंपणावर नाक दिसायचं. मी पातेलं बडवलं की तो जायचा आणि नऊवारी दिसली की परत यायचा. पातेल्याला तो भीत होता, पण त्या साडीची भीती त्याला उरली नव्हती. मी कितीही आरडाओरडा केला तरी जोवर सासूबाई हाकलत नाहीत तोवर त्याच्या लेखी हे जेवणाचंच घर होतं.

मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं.

"मी नाही हाकलणार," त्या म्हणाल्या. "हातानं घातलंय त्याला."

"मग एक दिवस तुमची नात रडेल."

"मांजर घरात आहे ना? मग झालं तर."

मांजर घरात आहे, हे कुठल्याही मांजराबद्दल खात्रीनं बोलता येत नाही. कॅलिफोर्नियातलं ते कोरडं ऊन वाया जातंय याचं सासूबाईंना दुःख होतं, म्हणून त्यांनी बटाट्याचा कीस वाळत घालायला काढला होता. जुनी चादर अंगणात पसरलेली, चार कोपऱ्यांवर दगड. सकाळी त्या परात घेऊन बाहेर पडल्या, हात भरलेले असल्यामुळे दार मागे लावायचं राहिलं, आणि बोका त्यांच्या साडीमागून बाहेर. मी मुलीचा डबा भरत होते. चादरीच्या कडेला पिवळी शेपटी दिसली आणि त्याच वेळी कुंपणावरून कायोटी उतरला. या वेळी तो बसला नाही. मान खाली घालून सरळ चादरीकडे निघाला. बोका आणि त्याच्यामध्ये फक्त सासूबाई होत्या, परात घेऊन उकिडव्या बसलेल्या.

मी दारापर्यंत पोचायच्या आत त्यांनी वर बघितलं. त्यानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्यांना वळसा घालून तो पुढे जाऊ लागला, खांबाला घालावा तसा.

"हाड!"

तो आवाज मी लग्नानंतर इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. "हाड! हाड मेल्या! माझ्या दारात?" त्या उठल्या, ओला कीस मुठीत होता तो फेकला, मग परात फेकली, मग पायातला बूट. माझा बूट. तो त्याच्या बरगडीवर बसला. कायोटी जागेवरच उडाला, कुंपणाला आदळला, दुसऱ्या उडीत वर गेला आणि टेकडी चढून पळत सुटला. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

बोका खुर्चीखाली. चादरीवर पंजांचे ठसे. शेजारची शिक्षिका गाऊनमध्ये कुंपणाशी येऊन विचारत होती, काय झालं, पोलिसांना बोलावू का?

"सांग तिला, झालं काम," सासूबाई म्हणाल्या. "आणि तो बूट बघ कुठं पडला."

मग मला काही सांगावं लागलं नाही. रोज सकाळी त्या परात आणि पळी घेऊन अंगणात जायच्या, कुंपणावर नाक दिसलं की "हाड!" म्हणायच्या आणि परात बडवायच्या. शेजारणीनं तो शब्द उचलला. तिचा "हॅड" ऐकून सासूबाई चिडायच्या. "पोटातून म्हण म्हणावं. गाणं नाही ते." काही दिवसांनी नाक दिसायचं बंद झालं. खांबांवर कागद पुढेही लागत राहिले, पण आमच्या टोकाच्या घरांतून एकही लागला नाही.

त्यावर आमच्या घरात कौतुकाचं बोलणं झालं नाही. सासूबाईंना ते नको होतं. फक्त सकाळी कणीक भिजवायच्या आधी त्या टेबलाशी उभ्या राहून प्रत्येकाला विचारू लागल्या की कोण किती खाणार. नवऱ्याला अवघडल्यासारखं व्हायचं. त्यांच्या स्वयंपाकघरात पोळ्या कधी कोणी मोजल्या नव्हत्या. मोजून करणं म्हणजे घरात कमी आहे असं त्या मानत.

"आई, कर ना किती व्हायच्या तेवढ्या," तो म्हणायचा.

"आणि उरल्या तर? तुझ्या त्या यंत्राला घालू?" मग नातीकडे वळून, "तुझ्या किती?"

"टू, आजी."

"आणि त्याला?" बोका फ्रिजवर बसून खाली बघत होता.

"आजी, ही डझन्ट ईट पोळी."

"मग दोनच," सासूबाई म्हणाल्या आणि पिठाचा डबा उघडला.